निळी पडलेली पुंगळी

नमाजाला बसलं की मनातलं सगळं वर पोहोचतं, असं आमची आई सांगायची. मी मात्र ही एक गोष्ट दर वेळी बाजूला ठेवूनच बसत आले. बाकी सगळ्याची माफी मागितली — कुणाला टाकून बोलले, शेजारणीची कढई परत करायला मुद्दाम उशीर केला, रोजे असताना एकदा चोरून पाणी प्यायले — पण ही गोष्ट कधी ओठांवर आणली नाही. त्याला ठाऊक नसेल का? असणारच. पण त्याला ठाऊक असणं वेगळं आणि मी तोंडानं सांगणं वेगळं. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का, ते विचारू नका. तुम्ही शांत बसून ऐकता आहात, आणि मला आता फार चालढकल करण्याइतकं आयुष्य उरलेलं नाही.

माझे वडील लोणावळ्यात बंदुका दुरुस्त करायचे. हुसेनभाऊ म्हटलं की कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत लोक ओळखायचे. तरुणपणी ते रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. तिथल्या ठोकाठोकीनं एक कान अधू झाला तेव्हा ती नोकरी सोडली, सरकारी परवाना काढला आणि घराच्या पडवीत ऐरण मांडली. बाबा बोलायला फार नव्हते. हात मात्र असा स्थिर, की वातीसाठी दिव्यात तेल ओततानासुद्धा थेंब बाहेर पडायचा नाही. आई त्यांना चिडवायची, की तुमच्या हातात अल्लानं हाडाऐवजी लोखंडाची कांब घातली आहे. त्यांनाही त्या हाताचा अभिमान होता. दुसरा कसलाच अभिमान मी त्यांच्यात पाहिला नाही.

मी बाबांचं कौतुक सांगत बसले, म्हणजे मूळ गोष्ट टाळते आहे असं वाटतंय ना तुम्हाला? टाळते आहेच. पण त्यांचा हात कसा होता हे आधी कळल्याशिवाय मी काय मोडलं ते कळायचं नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि विलायती काडतुसं यायची बंद झाली. एकेकाळी पेटीच्या पेट्या यायच्या, त्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. मग उडवून झालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी सोन्यासारखी जपून ठेवायची आणि घरीच पुन्हा भरायची, असं सुरू झालं. बाबांना हे काम चांगलं येत होतं. लोक पुंगळ्या फडक्यात बांधून आणायचे, बाबा भरून द्यायचे.

त्यात वडिवळ्याचा कोंडिबा होता. लोणावळ्यात एका शेठचा बंगला होता. शेठ उन्हाळ्यात यायचा, बाकी वर्षभर त्याची जुनी रायफल कोंडिबाकडे असायची, परवान्यावर राखणदार म्हणून त्याचं नाव होतं. शेठची जमीन वडिवळ्यातच होती आणि कोंडिबाची भाताची खाचरंही तिला लागून. रानडुकरांपासून दोन्ही राखायची, हे त्याचं काम. गोरा, उंच, हसरा माणूस. पडवीत आला की दारातूनच "जैनूताई, च्या टाका" म्हणायचा. माझ्यापेक्षा वयानं मोठा होता, तरी ताईच म्हणायचा.

आता पुंगळीचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे. उडवलेल्या काडतुसाच्या आत दारूची काजळी बसते. ती लवकर धुतली नाही तर पितळ खाते. मग बुडातली जुनी टोपी, घोडा ओढला की ठिणगी पाडणारी ती, काढायची, पुंगळी चिंचेच्या पाण्यात भिजवायची, राखेनं घासायची, धुऊन वाळवायची. पितळ घासणं हे बायकांचं काम, त्यामुळे आमच्याकडे हे आधी आईकडे होतं आणि आई गेल्यावर माझ्याकडे आलं. वाळल्यावर बाबा एकेक पुंगळी हातात घ्यायचे. तिला नख लावून चीर बघायचे. बुडाचा रंग बघायचे. मग दोन पुंगळ्या एकमेकींवर हलकेच वाजवायचे — बाजारात बाया माठ वाजवून घेतात ना, तसं. चांगली असली की टणकन वाजते. चिरलेली किंवा बिघडलेली असली की भद्द.

भद्द वाजली की बाबा म्हणायचे, "बाद." आणि तिथल्या तिथे उंबऱ्याबाहेरच्या दगडावर ठेवून हातोडीनं चपटी करायचे. नुसती बाजूला ठेवायची नाही. बाजूला ठेवलेली वस्तू कधीतरी चुकून परत आत येते, असं ते म्हणायचे. चपटी झालेली पुंगळी कुणी भरू शकत नाही. मग ती कोपऱ्यातल्या टोपलीत पडायची. टोपली भरली की तांबटाकडे जायची. आमच्या घरातला हा नियमच होता. हातोडीचा तो आवाज आला की शेजारपाजारच्यांनाही कळायचं, हुसेनभाऊंनी एक बाद केली.

आणखी एक गोष्ट बाबांनी मला शिकवली होती. पुंगळीचं तोंड मऊ हवं आणि बूड कडक हवं. तोंडाला ते स्वतः शेक द्यायचे, तोही पुंगळ्या परातीतल्या पाण्यात उभ्या करून, म्हणजे बुडाला आच लागायची नाही. बूड तापलं की पितळाचा कस जातो. मग ती दिसायला पुंगळी, पण आत जोर झाला की फुगते, फाटते, आणि फाटली की मागे फाटते — जिथे माणसाचा चेहरा असतो. म्हणून वाळवायच्या त्या उन्हात. पाऊसकाळात कोमट राखेत. "हात टेकवून बघ जैनू. हाताला सोसेल एवढीच ऊब." हे त्यांनी मला कितीदा सांगितलं असेल!

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे कुठे मी भोळेपणाचा आव आणलाच तर तुम्ही मला इथे परत आणा.

आता माझं सांगते. लग्न करून मी कर्जतच्या बाजूला गेले होते आणि तिथून मला परत पाठवलं होतं. नवऱ्यानं मारलं-झोडलं नाही, उपाशी ठेवलं नाही. सासू फक्त एक शब्द म्हणायची — वेंधळी. दूध उतू गेलं, वेंधळी. भाकरी करपली, वेंधळी. पाहुण्यांसमोर कपबशी फुटली, वेंधळी. पुढे पुढे नवराही तेच म्हणायला लागला, आणि एक दिवस मला गाडीत बसवून दिलं, की आमच्या घरात असली बाई नांदायची नाही. लोणावळ्यात उतरले तेव्हा बाबा फलाटावर उभे होते. माझी पेटी उचलून ते चालायला लागले. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पुंगळ्यांचं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "तुझ्या हातच्यासारखं घासलेलं पितळ आजपर्यंत कुणाचं पाहिलं नाही मी. घे." एवढंच. मी चुलीपुढे बसून रडले आणि मग घासायला लागले.

त्या घासण्यावर मी उभी राहिले, असं म्हटलं तर खोटं नाही. ज्या माणसाच्या हातातून थेंब सांडत नाही, त्यानं माझ्या हातावर विसंबावं! म्हणजे मी वेंधळी नाही, सासरचेच चूक, असं मी मनाशी रोज म्हणायचे.

तो भादव्याचा महिना होता. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला नवा नाही. भिंतींना बुरशी, कपडे वाळत नाहीत, मीठ भांड्यात पाणी होऊन बसतं. कोंडिबा सकाळीच भिजत आला. त्याचं भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या आणि डुकरं डोंगरावरून खाली उतरायला लागली होती.

"भाऊ, परवा एका कोपऱ्यातलं समदं लोळवलं बगा. पसाभर तरी भरून द्या, न्हाईतर औंदा कणगी रिकामीच," असं म्हणाला. पुंगळ्या देऊन गेला. संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला.

बाबा म्हणाले, "इतक्या लवकर वाळायच्या कशा?" मी म्हटलं, वाळतील. मी म्हटलं. बाबांनी नाही.

घासून धुवून झाल्या. राखेत पुरून ठेवल्या, पण त्या पावसात राखही ओलसरच. थोड्या वेळानं काढून बघितलं तर आतून ओल्या. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावर कासारीण आली. गौरी-गणपतीच्या आधी ती यायची तेव्हा आळीतल्या सगळ्या बायका तिथे जमायच्या. मला बोलावणं आलं. मी सासरहून आल्यापासून हातात नीटशा बांगड्या भरल्या नव्हत्या. कोण काय म्हणेल, हा विचार. पण त्या दिवशी शेजारणीनं हाक मारली तेव्हा वाटलं, का नाही? मी चुलीच्या मागच्या वैलावर तवा ठेवला, तव्यात पुंगळ्या ओतल्या, खाली निखारे सारले, आणि म्हटलं, एवढ्यात येते.

बांगड्या भरून घेणं म्हणजे वेळखाऊ काम. त्यात गप्पा. कासारणीनं माझा हात दाबून बघितला आणि म्हणाली, हाड नाजूक आहे, हिरवा चुडा शोभेल. मी हसले. किती दिवसांनी हसले होते, कुणास ठाऊक. तिनं साबण लावून एकेक बांगडी चढवली. आणि मी तिथे बसून राहिले. पुंगळ्यांची आठवण झाली नाही असं नाही. झाली. तरी बसले.

परत आले तेव्हा तव्यातून वास येत होता, तापल्या पितळाचा. मी सांडशीनं एक उचलून बघितली. बुडाशी निळा रंग चढला होता, जांभळट-निळा, मोराच्या मानेसारखा. दुसरी बघितली, तीही. सगळ्या.

निळा रंग म्हणजे काय, हे मला सांगायला कुणी नको होतं.

आता सांगा, काय करायचं होतं मी? सगळ्या बाबांपुढे ठेवायच्या आणि म्हणायचं, बाबा, जळाल्या. बाबांनी एकेक करून दगडावर ठेवल्या असत्या आणि बाद, बाद म्हणत चपट्या केल्या असत्या. आळीला हातोडीचा आवाज ऐकू गेला असता. कोंडिबा रिकाम्या हातानं गेला असता, डुकरांनी आणखी थोडं भात लोळवलं असतं. बाबा मला काही बोलले नसते. मी त्यांना ओळखत होते, ते बोललेच नसते. पण मनात त्यांनी तो सासरचा शब्द म्हटला असता. निदान मला तसं वाटलं. त्यांच्या न बोलण्यात मला तो ऐकू आला असता, आणि मग माझ्याकडे काही उरलं नसतं.

म्हणून मी चिंच भिजवली.

घट्ट कोळ काढला, पुंगळ्या त्यात टाकल्या आणि घासायला बसले. चिंचेनं पितळावरचा कसलाही रंग निघतो, काळा, हिरवा, निळा. दर घासण्याबरोबर नव्या बांगड्या वाजत होत्या. मी थांबले नाही. बुडाशी बोट दाबून दाबून घासलं. पितळ लखलखायला लागलं. नवीन पुंगळी इतकी लखलखत नाही. मी एकेक पुंगळी धुऊन, फडक्यानं पुसून सुपात मांडली आणि सूप बाबांपुढे नेऊन ठेवलं.

बाबांनी एक उचलली. नख लावलं. बुडाचा रंग पाहिला — रंग सोन्यासारखा. मग दोन पुंगळ्या वाजवल्या. थांबले. चांगला कान पुढे करून परत वाजवल्या.

"जैनू, जरा भद्द वाजतंय का गं?"

त्यांनी विचारलं. लक्षात घ्या. त्यांच्या कानानं बरोबर ओळखलं होतं. त्या क्षणी सगळं परत फिरवता येत होतं — एका शब्दानं. मी म्हटलं, "आत थोडी ओल राहिली असेल बाबा. हवाच तशी आहे."

बाबांचा तो एक कान अधू. तरुणपणापासून त्यांनी त्या बाबतीत आधी आईवर आणि मग माझ्यावर भिस्त टाकलेली. त्यांनी मान हलवली. "असेल," म्हणाले. मग पुंगळी उजेडात धरून माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "आरसा केलास की गं. तुझ्या सासरच्यांना पारखच नव्हती."

मी काय केलं? मीही हसले.

त्यांनी पुंगळ्यांत आतून परत कोरडं फडकं फिरवलं, नव्या टोप्या बसवल्या, दारू मोजून भरली. दारू मोजायचं माप त्यांनी स्वतः केलेलं होतं. एका जुन्या पुंगळीचं तोंड कापून तिला तारेचा दांडा लावलेला. माप भरायचं, वर पट्टीनं सपाट करायचं, ओतायचं. दाणाभर कमी-जास्त नाही. मग गोळ्या बसवल्या. संध्याकाळी कोंडिबा आला, चहा प्यायला, माझ्या बांगड्यांकडे बघून "झकास दिसत्यात" म्हणाला आणि काडतुसं घेऊन गेला.

मी झोपले का? झोपले. हेही सांगून टाकते, गाढ झोपले. मनाला म्हटलं, काही होणार नाही. कधी कधी काही होतही नाही ना?

काही दिवसांनी सरूचा भाऊ आला. सरू म्हणजे कोंडिबाची बायको. पाठीवर पोत्यात गुंडाळलेली रायफल. तो दारातच बसला आणि म्हणाला, "भाऊ, दाजीचा डोळा ग्येला." कातरवेळी खाचरात डुकरं शिरली, कोंडिबानं नेम धरला, घोडा ओढला आणि काडतूस मागच्या बाजूनं फुटलं. उजवा डोळा, गाल, सगळं भाजून निघालं. त्याला कामशेतपर्यंत झोळीत आणलं आणि गाडीनं पुण्याला दवाखान्यात नेलं होतं. उरलेली काडतुसं सरूनं भीतीनं नदीत फेकून दिली होती.

बाबा होते तसेच उठले. टोपी घातली, आणि त्याच्याबरोबर स्टेशनकडे निघाले, पुण्याला जाणारी गाडी धरायला. जाताना मला फक्त एवढंच म्हणाले, "रायफलीला हात लावू नकोस. आतलं काडतूस आल्यावर बघतो. काय झालं ते त्यातच दिसेल."

काय झालं ते त्यातच दिसेल. खरंच दिसलं असतं. फुगून फाटलेलं मऊ बूड त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं.

मी दार लावलं. रायफल उघडली. ती कशी उघडायची हे बाबांनीच शिकवलेलं. फाटकी पुंगळी अडकून बसली होती, ती तारेनं ढकलून काढली. बुडाचं पितळ फुलासारखं उलटं झालं होतं. त्यावर काळं काही होतं, ते दारूचं की कोंडिबाचं, मी बघितलं नाही. उंबऱ्याबाहेर दगडावर ठेवली आणि हातोडीनं चपटी केली. चांगली चपटी केली. शेजारणीनं आवाज ऐकला असेल. तिला वाटलं असेल, हुसेनभाऊंनी आणखी एक बाद केली.

आणि ती मी कोपऱ्यातल्या टोपलीत टाकली. कितीतरी चपट्या पुंगळ्यांमध्ये आणखी एक. पुढे टोपली तांबटाकडे जाईपर्यंत ती तिथेच होती, बाबांच्या ऐरणीपासून हातभर अंतरावर.

बाबा परत आले तेव्हा मी म्हटलं, रायफल रिकामीच आहे, पुंगळीचे तुकडे शेतातच उडाले असतील. बाबांनी उघडून बघितली. नळी उजेडाकडे धरून आतून तपासली. मग दारूचं माप हातात घेतलं, माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "जैनू, हे मी सपाट करत होतो ना? की शीग राहत होती? माझ्या डोळ्यांचा आता भरवसा नाही."

त्यांना वाटलं, दारू जास्त पडली. दुसरं काही कारण त्यांना सापडेना. पुंगळ्या तर माझ्या हातच्या होत्या, आरशासारख्या. म्हणजे चूक त्यांच्याच हाताची.

तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही? मी म्हटलं, "मला नाही माहीत बाबा. मी बघत नव्हते."

कोंडिबा दवाखान्यातून घरी आल्यावर बाबा त्याला भेटायला निघाले. मी बरोबर गेले. कामशेतला उतरलो, तिथून वडिवळ्यापर्यंत चालत. दोन्ही बाजूंना भात उभं होतं, मध्ये मध्ये डुकरांनी लोळवलेलं. कोंडिबा पडवीत बाजेवर होता. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. आम्हाला बघून उठायला लागला.

बाबांनी त्याला उठू दिलं नाही. कमरेची पिशवी सोडली, ते माप काढलं आणि बाजेवर त्याच्या पायांशी ठेवलं. "कोंडिबा, ह्या मापानं तुझा डोळा घेतला," म्हणाले. "माझा हात चुकला."

कोंडिबा गोंधळला. "आसं नगा करू भाऊ. तुमी काय मुद्दाम केलं व्हय? वय झालं की हात कापतोच मानसाचा. त्याला काय इलाज न्हाई."

त्यानं ते समजुतीनं म्हटलं, मनापासून. पण मला दिसलं, बाबांचा चेहरा कसा झाला. त्या दिवसापर्यंत त्यांचा हात कधी कापला नव्हता. ते अंगणात गेले. धुण्याचा दगड होता, त्यावर माप ठेवलं, बाजूचा वरवंटा उचलला आणि म्हणाले, "बाद." एकाच घावात चपटं केलं. मग ते पट्टी झालेलं पितळ हातात धरून तिथेच उकिडवे बसले. सरू दाराआड रडत होती. मी अंगणात उभी होते, बाबांपासून चार पावलांवर. माझ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं. मी बाबांच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, चला, गाडी चुकेल.

त्यानंतर बाबांनी बंदुकीला हात लावला नाही. परवाना परत केला. ऐरण विकली. मी गोधड्या शिवायचे, त्यावर घर चाललं. कोंडिबाची राखणदारी गेली. एका डोळ्यानं त्याला बांधावरून चालणंही नीट जमेना, दोनदा खाचरात पडला. पण दर वर्षी कापणी झाली की तो नव्या तांदळाची पिशवी घेऊन बाबांना भेटायला यायचा. त्याला वाटायचं, म्हातारा खंतावला आहे, धीर द्यावा. "जैनूताई, च्या टाका," दारातूनच म्हणायचा. मी टाकायचे. तो तांदूळ मी शिजवायचे आणि आम्ही दोघं खायचो. बाबा गेले त्यानंतरही काही वर्षं तो येत राहिला. आता तोही नाही. त्याला शेवटपर्यंत काही कळलं नाही.

एक राहिलंय. ते सांगितलं की संपलं.

वडिवळ्याहून आल्यावर बाबांचा हात खरंच कापायला लागला. आधी थोडा, मग जास्त. काही मोजायचं म्हटलं की ते हात मागे घ्यायचे. भाजीत मीठ नाही, दिव्यात तेल नाही. चहासुद्धा. मी कप पुढे ठेवला की ते साखरेच्या डब्याला हात लावायचे नाहीत. कप माझ्याकडे सरकवायचे.

"तू घाल जैनू," म्हणायचे. "तुझा हात बरोबर आहे."

गेले त्या दिवशी सकाळीही हेच म्हणाले. आणि मी चमचा सपाट करून साखर घातली.